एक चर्च, चार आरोपी आणि पोलीस नसलेलं न्यायालय

आडवाट

परवा सुदानच्या धाग्यावर "ही आंतरराष्ट्रीय न्यायालयं म्हणजे नुसता देखावा" असा सूर लागला होता. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं आणि सुदान बाजूलाच राहिलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

देखावा म्हणणं मला पटत नाही. पण ही न्यायालयं अडतात ती बहुतेक वेळा कुठल्या तरी देशाच्या गृहखात्यात, पासपोर्टच्या कचेरीत, निर्वासितांच्या फायलीत. तत्त्वांवर बोलण्यापेक्षा एकच घटना घेते.

पश्चिम रवांडातल्या किबुये प्रांतात न्यांगे नावाचं ठिकाण आहे. ६ एप्रिल १९९४ ला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीची कत्तल सुरू झाली. शंभरेक दिवसांत अंदाजे ८ लाख माणसं मारली गेली. रवांडा सरकारचा आकडा १० लाखांच्या वर जातो. न्यांगेच्या आसपासचे तुत्सी तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये जमले, कारण पूर्वीच्या कत्तलींत चर्चच्या आसऱ्याला गेलेले बरेच जण वाचले होते. १५ एप्रिलला चर्चवर हल्ला झाला. १६ तारखेला रस्त्याच्या कामावरचा बुलडोझर आणला आणि आतल्या माणसांवर ते अख्खं चर्च पाडलं. आत किमान १,५०० जण होते. एका आरोपपत्रात २,००० हून जास्त असं म्हटलंय.

संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी जे न्यायाधिकरण टांझानियात आरुशाला बसवलं, त्याने या घटनेत ज्यांच्यावर आरोप ठेवले त्यांतल्या चौघांचं पुढे काय झालं ते बघा.

पहिला अथानाज सेरोंबा, त्या चर्चचाच पाद्री. हा इटलीला गेला, नाव बदललं आणि फ्लॉरेन्सच्या परिसरात चक्क पुन्हा पाद्री म्हणून काम करू लागला. २००१ मध्ये न्यायाधिकरणाने त्याच्या अटकेची मागणी केली. इटली म्हणाली, तुमच्या न्यायाधिकरणाच्या हाती माणूस देण्याची सोय आमच्या कायद्यात नाही. मुख्य अभियोक्त्या कार्ला देल पोंते यांनी जाहीर बोभाटा केला. शेवटी फेब्रुवारी २००२ मध्ये तो स्वतःहून आरुशात हजर झाला. २००६ मध्ये १५ वर्षं शिक्षा, २००८ मध्ये अपिलात जन्मठेप.

दुसरा गास्पार कान्यारुकिगा, व्यापारी. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला. ३० वर्षं.

तिसरा ग्रेग्वार न्दाहिमाना, त्या भागाचा स्थानिक प्रशासनप्रमुख. २००९ मध्ये काँगोत पकडला. १५ वर्षं, अपिलात वाढून २५.

चौथा फुल्जाँस कायिशेमा, तिथला पोलीस निरीक्षक. याचं आरोपपत्र २००१ चं आणि अटक २४ मे २०२३ ची! केप टाउनजवळ पार्ल गावात एका द्राक्षमळ्यावर तो वेगळ्याच नावाने राहत होता. आणि तो कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं असंही नाही. २०१८ मध्येच तपास पथकाने त्याचा केप टाउनमधला ठावठिकाणा काढून दक्षिण आफ्रिकेला कळवला होता. आधी उत्तर आलं की त्याला निर्वासिताचा दर्जा आहे, अटक करता येत नाही. मग आलं की तुमचं वॉरंट बजावायला आमच्या कायद्यात आधार नाही. हे सगळं सुटून २०१९ च्या शेवटी पोलीस पोचले तेव्हा तो पसार झालेला. अभियोक्ता सर्ज ब्रामेर्ट्झ यांनी सुरक्षा परिषदेत दक्षिण आफ्रिकेचं नाव घेऊन तक्रार केली, तेव्हा कुठे पुढे त्या देशाने स्वतःचं पथक नेमलं आणि त्याच पथकाने त्याला शोधला.

म्हणजे पुरावा तयार, साक्षीदार तयार, न्यायाधीश तयार. अडलं कशावर, तर निर्वासिताच्या कागदावर. आता बोला.

ढगफुटी

ताई, लेख आवडला. पण एक शंका. हेगचं कोर्ट म्हणजे कुलभूषण जाधवांची केस चालली तेच ना? साळवे साहेबांनी एक रुपया फी घेतली होती ते? मग हे टांझानियात कुठून आलं?

वकिलीणबाई

ढगफुटी, हा गोंधळ पुष्कळांचा होतो, कारण बहुतेक सगळ्यांचे पत्ते हेगमध्येच आहेत.

जाधव प्रकरण चाललं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तिथे देश विरुद्ध देश असा दावा असतो, माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. भारताने पाकिस्तानविरुद्ध दावा लावला आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल आला. गांबियाने म्यानमारवर रोहिंग्यांच्या बाबतीत लावलेला दावाही तिथलाच.

दुसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. हे माणसांवर खटले चालवतं. १९९८ च्या रोम करारातून निघालं, २००२ पासून अस्तित्वात आलं. भारत त्याचा सदस्य नाही. रोममध्ये १२० देश बाजूने, ७ विरोधात आणि २१ तटस्थ होते. भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला या न्यायालयात दिलेले अधिकार आपल्याला मान्य नव्हते, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही यालाही हरकत होती.

तिसरा प्रकार एखाद्या देशापुरती बसवलेली न्यायाधिकरणं. युगोस्लाव्हियाचं १९९३ मध्ये हेगला, रवांडाचं नोव्हेंबर १९९४ मध्ये ठराव ९५५ ने, आरुशाला. ती सुरक्षा परिषदेने सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली बसवली, म्हणजे कागदावर प्रत्येक सदस्य देशावर सहकार्य बंधनकारक. आडवाटने इटली आणि दक्षिण आफ्रिकेचं सांगितलं त्यातली मेख इथेच आहे. आंतरराष्ट्रीय बंधन असून भागत नाही. पोलीस निरीक्षकाला दार ठोठावायला देशातल्या देशात कायद्याचं कलम लागतं. बऱ्याच देशांनी ते केलंच नव्हतं. काहींनी मुद्दाम केलं नव्हतं, काहींना सुचलंच नव्हतं.

खडाष्टक

वाचतोय. पण ताई, तुमच्या गोष्टीत आरोपी सगळे एकाच बाजूचे. विजेत्यांचा न्याय म्हणतात तो हाच. कागामेंच्या आरपीएफनेही (जिंकून सत्तेवर आलेली तुत्सी बंडखोर फौज) १९९४ मध्ये माणसं मारली होती. त्यांतला आरुशात किती जणांवर खटला चालला? शून्य.

आणि सहकार्याचं म्हणाल तर किगालीने, म्हणजे रवांडा सरकारने, ते नळासारखं हवं तेव्हा सोडलं, हवं तेव्हा बंद केलं. १९९९ मध्ये द्वेष पसरवणाऱ्या रेडिओशी संबंधित बारायाग्विझाला फार काळ बेकायदा डांबून ठेवलं म्हणून अपील पीठाने सोडायचा हुकूम दिला. रवांडाने लगेच सहकार्य थांबवलं. मार्च २००० मध्ये "नवी तथ्यं" निघाली आणि तोच हुकूम फिरवला गेला. २००२ मध्ये साक्षीदारांना देशाबाहेर जाऊ दिलं नाही, खटले खोळंबले. २००३ मध्ये आरपीएफच्या गुन्ह्यांचा तपास करू पाहणाऱ्या देल पोंते यांच्याकडून रवांडाचं काम काढून घेतलं. साक्षीदार ज्याच्या हातात, न्यायालय त्याच्या हातात.

आडवाट

खडाष्टक, यातलं एकही वाक्य खोडणार नाही. फक्त एक भर घालते. हे न्यायाधिकरण रवांडानेच मागितलं होतं. त्या वर्षी रवांडा सुरक्षा परिषदेत होता आणि ठराव मताला आला तेव्हा विरोधात मत देणारा एकमेव देशही तोच. (चीन तटस्थ.) कारणं: फाशी नाही, फक्त १९९४ चेच गुन्हे, आणि न्यायालय देशाबाहेर. मागणाऱ्याला नको असलेलं न्यायालय त्याच्याच साक्षीदारांवर चालवायचं, म्हणजे पहिल्या दिवसापासून ओढाताण होती.

पण त्यावरून निकालच खोटे ठरवणार का? बुलडोझर तर आलाच होता ना.

अबोली

आकायेसूचा खटला कोणीच काढला नाही अजून?

ताबा नावाच्या भागाचा प्रशासनप्रमुख. त्याच्यावर आधी बलात्काराचा आरोपच नव्हता. साक्षीदार बायका साक्ष देताना ओघात सांगायला लागल्या. पीठावर तिघांत एकच बाई, डरबनच्या नवनीतम पिल्ले, तमिळ घराण्यातल्या. त्यांनी प्रश्न विचारून ते नोंदीवर आणलं, १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ चा निकाल म्हणजे कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी एखाद्याला दोषी ठरवण्याची पहिली वेळ. बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं, हेही तिथेच पहिल्यांदा म्हटलं गेलं.

सहकार्यावर चर्चा चालली आहे म्हणून: आकायेसू झांबियात पकडला गेला होता, ऑक्टोबर १९९५ मध्ये. झांबियाने त्याला सोपवला नसता तर हे निकालपत्र लिहिलंच गेलं नसतं. त्याच महिन्यात केनियाचे राष्ट्राध्यक्ष मोई जाहीर सांगत होते की न्यायाधिकरणाचे तपास अधिकारी आमच्याकडे आले तर त्यांनाच अटक करू!

दूरदेशी

मोई नंतर फिरले. जुलै १९९७ मध्ये नैरोबीत एकाच कारवाईत सात जण उचलले, त्यात कत्तलीच्या काळातला पंतप्रधान जाँ कांबांडा. त्याने पुढे गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप झाली. काबुगा हा धनाढ्य आरोपी मात्र तेव्हा निसटला तो २०२० पर्यंत.

मी बेल्जियममध्ये राहतो, म्हणून इकडची बाजू लिहितो. २००१ मध्ये ब्रसेल्समध्ये चार रवांडी लोकांवर खटला झाला: एक प्राध्यापक, एक उद्योजक आणि दोन नन. निकाल द्यायला साधी ज्युरी, १२ बेल्जियन नागरिक. चौघांनाही शिक्षा झाली. नन्सना १५ आणि १२ वर्षं. त्यासाठी १९९३ चा कायदा वापरला होता. गुन्हा कुठेही होवो, कोणीही करो, बेल्जियमच्या कोर्टात चालवता येईल, असा तो कायदा.

मग लोकांनी त्या कायद्याखाली इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन यांच्यावर तक्रार केली, थोरल्या बुशवर केली. २००३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड ब्रसेल्सला येऊन सांगून गेले की असं असेल तर नाटोच्या नव्या मुख्यालयाला पैसे देण्याचा आम्हाला विचार करावा लागेल. काही आठवड्यांत कायदा गुंडाळला. गरीब देशाच्या ननवर चालला तोवर ठीक होता. इथले लोकही हे कबूल करतात, थोडं खालच्या आवाजात.

तरी मार्ग बंद झाला नाही. फिनलंडने बाझाराम्बा नावाच्या पाद्र्याला रवांडात पाठवायला नकार दिला, तिथे न्याय्य खटला होईल याची खात्री नाही म्हणून; आणि मग त्याला सोडून न देता स्वतःच खटला चालवला. साक्षी ऐकायला फिनलंडचं जिल्हा न्यायालय उठून आफ्रिकेत गेलं! २०१० मध्ये जन्मठेप. मला हा सगळ्यात प्रामाणिक मार्ग वाटतो. देणार नसाल तर चालवा.

वकिलीणबाई

"द्या नाहीतर चालवा" हेच मूळ तत्त्व आहे. आणि इथेच आपलं दुखणं. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशांतर्गत कायदा आजतागायत केला नाही. नव्या न्याय संहितेतही वंशसंहार असा गुन्हा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सज्जन कुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हे स्पष्ट लिहिलंय की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही उणीव तातडीने भरायला हवी. उद्या एखादा कायिशेमा नाशिकच्या द्राक्षमळ्यात सापडला तर त्याच्यावर इथे काय म्हणून खटला चालवणार? साधे खुनाचे कलम, तेही परदेशात परदेशी माणसाने केलेल्या खुनाला लागू होत नाही. हाती उरतो प्रत्यर्पण कायदा, १९६२ चा.

पिंपळपार

त्याच निकालपत्रात १९९३ च्या मुंबईचाही उल्लेख आहे ना? मग त्यावर

संपादक मंडळ

१९८४, १९९३, २००२ यांवर वेगळे धागे आहेत आणि ते कुठल्या अवस्थेत कुलूपबंद झाले ते सगळ्यांना आठवत असेल. इथे रवांडा आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य एवढंच ठेवूया. पिंपळपार यांचा उरलेला प्रतिसाद काढला आहे.

खडाष्टक

बघा, सहकार्य!

जुनी_वही

उपखंडातलं एक उदाहरण तरी चालेल ना? १९७१ नंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी युद्धकैदी होते. त्यांतल्या १९५ जणांवर बांगलादेशला युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. १९७३ मध्ये ढाक्यात त्यासाठी कायदा झाला. पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं की भारताने हे लोक बांगलादेशच्या हाती देऊ नयेत, आणि वर्षअखेर तो दावा मागे घेतला. ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि १९५ जण माफी मिळून पाकिस्तानात परत गेले.

इथे आरोपी फरार नव्हते, पत्ता माहीत होता, ते कोठडीतच होते. तिन्ही सरकारांचं "सहकार्य" इतकं उत्तम झालं की एकही खटला झाला नाही. पाकिस्तानात अडकलेले बंगाली परत यायचे होते, बांगलादेशला मान्यता हवी होती, आपल्याला कैदी सांभाळायचा भार नको होता. मला त्या वेळचा निर्णय चूक म्हणवत नाही. पण तो न्याय नव्हता.

गावगाडा

तुम्ही सगळे आरुशात अडकलात. त्या न्यायाधिकरणाने वीस वर्षांत ९३ जणांवर आरोप ठेवले आणि ६२ जणांना शिक्षा दिली. आणि रवांडाच्या तुरुंगांत १ लाखाच्या वर माणसं कोंबलेली होती! त्यांचं काय केलं हे महत्त्वाचं. गाचाचा. गावागावात उघड्यावर बसणारी न्यायसभा, गावानेच निवडलेले पंच, सुमारे १२,००० सभा. २००५ पासून देशभर चालल्या, जून २०१२ मध्ये बंद झाल्या, तोवर १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली. गुन्हा कबूल केला, प्रेतं कुठे पुरली ते सांगितलं, तर शिक्षा कमी. बाईला आपल्या नवऱ्याची हाडं कुठे आहेत ते आरुशाने सांगितलं नाही, गाचाचाने सांगितलं.

वकिलीणबाई

गावगाडा, गावकीच्या पंचायतीचं कौतुक आपण मराठी माणसांनी जरा जपून करावं. वाळीत टाकणारी जातपंचायत गावातलीच असते. शेवटी आपल्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. गाचाचात आरोपीला वकील नाही, पंच शेजारीच, त्यात जमिनीची जुनी भांडणं. आणि आरपीएफच्या गुन्ह्यांचा विषय तिथेही वर्ज्य.

गावगाडा

मान्य. पण १ लाख लोकांना वकील द्यायचे कुठून? कत्तलीनंतर त्या देशात वकील आणि न्यायाधीश उरले होते किती? बहुतेक मारले गेले नाहीतर पळाले. नेहमीच्या कोर्टांनी चालवलं असतं तर शंभर वर्षं लागली असती असं तेव्हा म्हणत. वाईट आणि त्याहून वाईट यांतून निवडायचं होतं.

वकिलीणबाई

त्या शंभर वर्षांवर माझ्याकडे उत्तर नाही. गाचाचातल्या शिक्षांना उच्च न्यायालयापुढे अपील ठेवता आलं असतं, एवढंच म्हणेन.

ढगफुटी

सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशीर, त्याचं काय मग? तो तर भारतात येऊन गेला ना?

दूरदेशी

हो, ऑक्टोबर २०१५, भारत-आफ्रिका शिखर परिषद, दिल्ली. त्याच्यावर सुदानच्या दार्फूर भागातल्या अत्याचारांसाठी दोन वॉरंटं होती, २००९ आणि २०१० ची. फौजदारी न्यायालयाने भारताला अटकेची विनंती केली. भारत सदस्य नाही, आणि सुरक्षा परिषदेच्या २००५ च्या ठरावाने सदस्य नसलेल्या देशांना सहकार्याचं फक्त आवाहन केलं होतं, बंधन घातलं नव्हतं. तो आला आणि गेला.

दक्षिण आफ्रिकेला मात्र सदस्य म्हणून बंधन होतं. त्याच वर्षी जूनमध्ये तो जोहान्सबर्गला होता. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने त्याला देश सोडू देऊ नका असा हुकूम दिला, आणि सुनावणी चालू असतानाच त्याचं विमान लष्करी तळावरून उडालं. चार वर्षांनी स्वतःच्याच देशात पदच्युत होऊन तुरुंगात गेला, पण हेगला पोचला नाही.

उलट उदाहरणही घ्या. मार्च २०२५ मध्ये फिलिपिन्सने आपल्या माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेला मनिला विमानतळावर अटक करून त्याच दिवशी हेगला रवाना केलं. कायदा जागेवर होता तसाच होता. मार्कोस आणि दुतेर्ते घराण्यांची युती तेवढी मोडली होती.

खडाष्टक

हे वाक्य फ्रेम करून लावा.

अबोली

काबुगाचं शेवटी काय झालं? रेडिओला पैसा पुरवणारा तोच ना?

आडवाट

तोच. १९९७ चं आरोपपत्र, ५० लाख डॉलरचं बक्षीस. मे २०२० मध्ये, लॉकडाउन चालू असताना, पॅरिसला लागून असलेल्या आस्निएरमधल्या एका फ्लॅटमध्ये सापडला. मुलांचे फोन त्याच भागात वारंवार दिसत होते, त्यावरून माग काढला. फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन अशा अनेक देशांचे तपास अधिकारी एकत्र होते. खटला सप्टेंबर २०२२ मध्ये हेगला सुरू झाला, आणि २०२३ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे तो खटल्याला उभा राहू शकत नाही असं ठरवून बेमुदत थांबवला. सव्वीस वर्षांच्या उशिराची किंमत ही.

त्यानंतरचा प्रश्न होता याला सोडायचं कुठे. हा प्रश्न नवा नव्हता. आरुशात निर्दोष सुटलेली किंवा शिक्षा भोगून संपलेली माणसं वर्षानुवर्षं तिथल्याच एका घरात अडकून पडली होती, कारण रवांडात परतायची भीती आणि दुसरा कोणी देश घेईना. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायजर देश त्यांना घ्यायला तयार झाला. डिसेंबरमध्ये आठ जण तिथे पोचले, आणि महिना संपायच्या आत नायजरने त्यांना देश सोडायचा हुकूम काढला. न्यायालयाने निर्दोष म्हटलेल्या माणसाला राहायला जागा देणं हेही सहकार्यच की. त्यासाठी कोणी शिखर परिषद भरवत नाही.

खडाष्टक, यावर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, तरी लिहा.

खडाष्टक

नाही, यावर काही नाही म्हणत. हे मला माहीत नव्हतं. उलट एक विचारतो, कुरापत म्हणून नव्हे. सेरोंबाची शिक्षा अपिलात १५ वरून थेट जन्मठेप कशी झाली? बुलडोझर तर त्याने चालवला नव्हता.

वकिलीणबाई

चांगला प्रश्न. खालच्या पीठाने त्याला गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरवलं होतं. अपील पीठ म्हणालं की त्याने चर्च पाडायला संमती दिली, चालकाला पाडायला सांगितलं, एवढंच काय, कुठली बाजू कमकुवत आहे तेही दाखवलं. त्या चर्चचा पाद्रीच हो म्हणतोय, हे चालकाच्या दृष्टीने निर्णायक होतं. म्हणून तो साहाय्यक नाही, गुन्हा करणाराच. पाच न्यायाधीशांपैकी चीनचे लिऊ दाकुन यांनी वेगळं मत नोंदवलं: प्रत्यक्ष कृती दुसऱ्याची असताना "केला" ची व्याख्या इतकी ताणू नये. मला स्वतःला बहुमत पटतं, पण वकील म्हणून लिऊंचं म्हणणं डावलता येत नाही. हीच व्याख्या उद्या कुठल्याही मोर्चात नुसतं बोट दाखवणाऱ्यावर लावली जाईल. निकालपत्र न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वाचून या, मग भांडू.